सही तुमची, जबाबदारी कोणाची? साहसी खेळ, कायदा आणि विमा

विषयाचं नाव ऐकून काही जणांना वाटलं असेल की आज कलमांची यादी ऐकावी लागणार. कलमं येतील, पण थोडी. सुरुवात मात्र किनाऱ्यावरून करू.

काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच जण कोकणात एका किनाऱ्यावर पाण्यातल्या खेळांसाठी गेलो होतो. टेबलावर बसलेल्या मुलाने दोन पानी इंग्रजी फॉर्म पुढे केला. "सही करा दादा, फॉर्मॅलिटी आहे." आमच्यात वकिली करणारेही होते, म्हणून वाचायला घेतला, तर मागे रांग लागली आणि लोक कुरकुरायला लागले. फॉर्ममध्ये एकच गोष्ट चार प्रकारे लिहिली होती: मी स्वतःच्या मर्जीने जातोय, मला काहीही झालं तरी कंपनी जबाबदार नाही, आमच्या चुकीने झालं तरीही नाही. आम्ही विचारलं, "विमा आहे का?" तो म्हणाला, "आहे ना, सगळं कव्हर आहे." दाखवा म्हटल्यावर त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. पॉलिसी होती ती बोटीची. बोट बुडाली तर बोटीचे पैसे मिळणार. माणसांचा त्यात उल्लेख नव्हता. आणि तीही मागच्या वर्षीच संपलेली.

मग आम्ही काय केलं? सही केली आणि गेलो! हे मुद्दाम सांगतो. कळत असूनही आपण सही करतो, कारण सुट्टी दोन दिवसांची असते आणि मुलं हात ओढत असतात. म्हणून आज "सही करू नका" असा उपदेश आम्ही करणार नाही. आज दोन प्रश्न वेगळे करायचे आहेत. पहिला: अपघात झाला तर जबाबदारी कोणाची? दुसरा: पैसे प्रत्यक्षात कुठून येणार? पहिल्याचं उत्तर कायदा देतो, दुसऱ्याचं विमा. हे दोन प्रश्न एकच आहेत असं आपण धरून चालतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

धोका नेमका कोणाला?

उदाहरण म्हणून काइटसर्फिंग घेऊ. गोव्यात मोरजी-आश्वेच्या बाजूला, तमिळनाडूत रामेश्वरमला हा खेळ चालतो. पायाखाली फळी, कमरेला हार्नेस आणि वीस-पंचवीस मीटर लांब दोऱ्यांच्या टोकाला मोठा पतंग. मोठा म्हणजे आठ, दहा, बारा चौरस मीटरचा, एका खोलीएवढा. वाऱ्याची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. बारा नॉट्सवर आरामात चाललेला माणूस चोवीस नॉट्सचा झोत आला की उचलला जातो.

शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई. या खेळात हा धडा जीवनमरणाचा आहे. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल आणि पतंग पाण्यात पडला, तर माणूस किनाऱ्यापासून दूर दूरच जाणार. सोडवायला बोट तयार नसेल तर अशा वाऱ्यात नवशिक्याला पाण्यात उतरवणं हा निष्काळजीपणा आहे.

आता धोका कोणाला, ते मोजा. एक, खेळणाऱ्याला. दोन, शिकवणाऱ्याला, तोही त्याच पाण्यात असतो. आणि तीन, ज्याने यातलं काही मागितलंच नाही त्याला: किनाऱ्यावर चालणारे आजोबा, जाळं सुकवणारा मच्छीमार, वाळूत खेळणारं पोर. ताणलेली दोरी काय करू शकते हे आपल्याला वेगळं सांगायला नको. संक्रांतीच्या दिवसांत मांज्याने गळा कापल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. पॅरासेलिंग, पॅराग्लायडिंग, स्कूबा, राफ्टिंग, कुठलाही खेळ घ्या, पहिले दोघे असतातच. पतंग आणि बोटी आल्या की तिसराही येतो.

त्या कागदाची किंमत काय?

कायद्यात एक जुनं तत्त्व आहे. ज्याने धोका ओळखून, राजीखुशीने पत्करला, त्याला त्याच धोक्याबद्दल तक्रार करता येत नाही. त्यात तथ्य आहे. इंग्लंडमध्ये ब्रुकलंड्स नावाचा मोटार शर्यतींचा ट्रॅक होता. १९३० मध्ये तिथे दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि एक गाडी कठडा ओलांडून प्रेक्षकांत घुसली. माणसं गेली. तरी अपील न्यायालयाने ट्रॅकच्या मालकांना जबाबदार धरलं नाही. ट्रॅक सुरू झाल्यापासून दोन दशकांत असं कधी झालं नव्हतं, वाजवी काळजी घेतलेली होती आणि शर्यत बघण्यात जो धोका उरतो तो प्रेक्षकाने पत्करलेला होता.

पण हे तत्त्व कुठवर जातं ते नीट बघा. खेळात मुरलेला धोका तुम्ही पत्करता. लाट येईल, तोल जाईल, पाय मुरगळेल, अचानक झोत येईल. आयोजकाची हयगय मात्र तुम्ही पत्करत नाही. हार्नेसचा पट्टा उसवलेला होता, लाइफ जॅकेट दिलंच नाही, बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरली, शिकवणाऱ्याला प्रशिक्षणच नव्हतं. यातलं काही तुम्हाला सांगितलेलं नसतं. मग जे माहीतच नाही त्याला संमती कशी देणार?

"आमच्या चुकीने झालं तरी आम्ही जबाबदार नाही" हे वाक्य आपल्याकडे टिकतं का? थेट साहसी खेळांवरचा नाही, पण रोजच्या अनुभवातला एक निकाल सांगतो. हॉटेलात गाडी लावायला किल्ली देतो तेव्हा मिळणाऱ्या चिठ्ठीवर छापलेलं असतं, गाडी मालकाच्या जोखमीवर. दिल्लीतल्या ताजमहाल हॉटेलातून १९९८ मध्ये अशीच एक मारुती झेन चोरीला गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१९ मध्ये निकाल लागला: अशी चिठ्ठी दाखवून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येणार नाही. आता बघा, गाडीच्या बाबतीत जे चालत नाही, ते माणसाच्या बाबतीत कसं चालावं?

त्याआधी, १९८६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ब्रोजोनाथ गांगुली प्रकरणात सांगितलं होतं की दोन बाजूंच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक असेल आणि एका बाजूला छापील कागदावर सही करण्यावाचून पर्यायच नसेल, तर त्यातली अन्यायकारक अट सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध म्हणून रद्द ठरू शकते. ते प्रकरण नोकरीच्या कराराचं होतं, पण विचार तोच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये तर "अन्याय्य करार" ही वेगळी संकल्पनाच आली. ब्रिटनने याहून सरळ रस्ता घेतला. निष्काळजीपणामुळे मृत्यू किंवा शारीरिक इजा झाली तर कुठल्याही कराराने किंवा पाटीने ती जबाबदारी टाळता येत नाही, हे तिथे १९७७ पासून कायद्यातच लिहिलेलं आहे.

तर मग फॉर्म निरुपयोगी का? तसंही नाही. चांगला फॉर्म धोके स्पष्ट सांगतो आणि तुमचा आजार, औषधं, पोहता येतं का हे विचारतो. तुम्ही दम्याचा त्रास लपवलात, दारू पिऊन पाण्यात उतरलात किंवा सूचना धुडकावलीत, तर तुमच्या चुकीच्या प्रमाणात भरपाई कमी होते. म्हणजे तो कागद पुरावा आहे, आयोजकाच्या बाजूने आणि तुमच्याही. सही करण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, एवढं तरी नक्की करा.

जबाबदारी ठरली, पुढे काय?

इथे दुसरा प्रश्न येतो. १८ जानेवारी २०२५ रोजी गोव्यात केरीच्या पठारावर पॅराग्लायडिंगचा अपघात झाला. पुण्याहून आलेली एक तरुणी आणि तिच्यासोबत उडणारा नेपाळी पायलट, दोघंही गेले. कंपनीच्या मालकावर गुन्हा नोंदवला गेला. त्याआधी मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबासाठी गेलेल्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला.

अशा वेळी आपल्याला वाटतं, गुन्हा दाखल झाला म्हणजे न्याय सुरू झाला. फौजदारी खटला हवाच. भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण त्या शिक्षेतून घरखर्च चालत नाही. पैशांसाठी दिवाणी न्यायालय किंवा ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. समजा तिथे पंचवीस लाखांचा आदेश झाला. समोरच्याकडे काय आहे? भाड्याची टपरी, दोन सेकंडहँड पॅराशूट आणि हप्त्यावर घेतलेली बोट. आदेश हातात आणि वसुली शून्य.

रस्त्यावर हीच अडचण होती. म्हणूनच मोटार वाहन कायद्याने प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. रिक्षावाल्याकडे पैसे नसले तरी विमा कंपनीकडे असतात. किनाऱ्यावरच्या पॅराशूटमागे अशी भक्कम व्यवस्था नाही. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा नाव ऐकून उपयोगाचा वाटतो, पण तो धोकादायक रसायनं वगैरे हाताळणाऱ्यांसाठी आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात जमीन, पाणी आणि हवा असे तिन्ही प्रकार आले, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आली, सुरक्षिततेची मार्गदर्शक तत्त्वं आली. हे मोठं पाऊल आहे. पण समोरच्या टेबलावरचा माणूस नोंदणीकृत आहे का, हे विचारायला आपल्यालाच तोंड उघडावं लागतं.

तीन विमे, तीन कामं

"विमा आहे" या दोन शब्दांमागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिला, दायित्व विमा. तो आयोजकाने घ्यायचा. त्याच्या चुकीने कोणाला इजा झाली आणि तो कायद्याने जबाबदार ठरला, तर त्याच्या वतीने कंपनी पैसे भरते. किनाऱ्यावरच्या त्या तिसऱ्या माणसाचा खरा आधार हाच. कागदावर चार गोष्टी बघा: नाव त्याच आयोजकाचं आहे का, तारीख चालू आहे का, तुम्ही करणार तोच खेळ लिहिलेला आहे का, आणि एका अपघातामागे मर्यादा किती. समजा मर्यादा दहा लाख आणि बोटीत आठ जण, तर त्या दहा लाखांत आठही जण आले. शिवाय अशा पॉलिसीला अटी असतात. परवाना नसेल, सुरक्षेची अट मोडली असेल, तर दावा अडकू शकतो.

दुसरा, वैयक्तिक अपघात विमा. यात चूक कोणाची हा प्रश्नच नाही. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं की ठरलेली रक्कम मिळते. पण साहसी खेळ वगळलेले आहेत का, हे पॉलिसीच्या अपवादांत वाचावं लागतं. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी.

तिसरा, आरोग्य विमा, म्हणजे आपली मेडिक्लेम. इथे फार मोठा गैरसमज आहे. एजंटसुद्धा सांगतात, "साहसी खेळ कव्हर नाही." विमा नियामकाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातले अपवाद सर्व कंपन्यांसाठी एकसारखे केले. त्यातला नववा अपवाद साहसी खेळांचा: गिर्यारोहण, राफ्टिंग, स्कूबा, स्कायडायव्हिंग वगैरे. पण त्यात एक शब्द आहे, आणि सगळा फरक त्या शब्दाने पडतो. व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यामुळे उपचार लागले, तर खर्च मिळणार नाही. व्यावसायिक म्हणून! तुम्ही सुट्टीत एकदा राफ्टिंगला गेलात आणि हात मोडला, तर तुम्ही व्यावसायिक नाही. दावा या कारणाने नाकारला तर तो शब्द दाखवा, कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जा, तिथे नाही झालं तर विमा लोकपालाकडे जा. लोकपालाकडे पैसे लागत नाहीत.

आता हाच शब्द उलट्या बाजूने वाचा. मग व्यावसायिक कोण? तो शिकवणारा पोरगा. दिवसातून पंधरा वेळा उडणारा टँडम पायलट, दोर पकडणारा, बोटीवरचा तांडेल. म्हणजे जो सगळ्यात जास्त वेळा धोक्यात जातो, त्याच्यासाठी साध्या मेडिक्लेमचं दार बंद. केरीत दोन माणसं गेली, आणि त्यातला एक कामावर होता. अशा मुलांची नेमणूक बऱ्याचदा तोंडी असते, पैसे रोजचे रोज, हजेरीपट कुठेच नाही. १९२३ मध्ये आपल्या देशात कामगार भरपाईचा कायदा झाला. पण भरपाई मागायची तर आधी तो कामगार होता हे सिद्ध व्हायला हवं ना! प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण देते. ते जरूर घ्यावं, पण दोन लाखांत एक घर किती दिवस उभं राहणार?

म्हणून आमचं म्हणणं असं की आयोजकाला विम्याबद्दल विचारताना एक प्रश्न वाढवा: "तुमच्या मुलांचा विमा आहे का?" यात दयाधर्मापलीकडेही काही आहे. जो मालक आपल्या माणसांचा विमा काढतो, तो दोर वेळेवर बदलतो, असा आमचा अनुभव आहे.

दुसरीकडे काय करतात?

न्यूझीलंड हा साहसी खेळांचा देश. तिथे १९७४ पासून अशी व्यवस्था आहे की अपघात झाला की उपचार आणि भरपाई सरकारी निधीतून. चूक कोणाची हे शोधत बसायचं नाही. परदेशी पर्यटकालाही उपचारांचा लाभ आहे. बदल्यात इजेच्या भरपाईसाठी सहसा दावा लावता येत नाही. पण म्हणून आयोजक मोकाट नाहीत. त्यांना सुरक्षेची तपासणी करून घेऊन नोंदणी करावी लागते. ब्रिटनमध्ये काइटसर्फिंगच्या राष्ट्रीय संघटनेचं सदस्यत्व घेतलं की त्यासोबत थर्ड पार्टी विमा येतो. हे आपल्याला जमण्यासारखं आहे. आपल्याकडे गिर्यारोहण संस्था आहेत, बोटमालकांच्या सोसायट्या आहेत. एकट्या टपरीवाल्याला न परवडणारा विमा सोसायटीने एकत्र घेतला तर हप्ता वाटला जातो.

प्रश्नोत्तरांतून

*मुलांना शाळेच्या शिबिराला पाठवताना आम्ही सही देतो. तिचं काय?* अज्ञान मुलाने केलेला करार मुळातच रद्द असतो, हे १९०३ पासून ठरलेलं आहे. पालकांची सही म्हणजे मुलाला पाठवायला संमती. शाळेची आणि शिबिरवाल्याची काळजी घेण्याची जबाबदारी त्याने संपत नाही. उलट मुलांच्या बाबतीत ती जास्त कडक असते.

*आमचा ट्रेकिंग ग्रुप आहे, पैसे घेत नाही, खर्च वाटून घेतो. लीडर जबाबदार का?* फी नसेल तर ग्राहक कायदा सहसा लागू होत नाही. पण नेतृत्व घेतलं की वाजवी काळजीची अपेक्षा येतेच, आणि घोर निष्काळजीपणा असेल तर फौजदारीही होऊ शकते. खर्च वाटताना त्यात अपघात विम्याचाही वाटा धरा.

*आयुर्विम्याच्या अर्जात छंद विचारतात. सांगावं का?* सांगावं. थोडा हप्ता वाढेल. विमा हा विश्वासाचा करार आहे. नियमित उडता आणि लपवलंत, तर पहिल्या तीन वर्षांत त्या कारणाने पॉलिसी नाकारली जाऊ शकते. त्यानंतर विमा कायद्याचं ४५ वं कलम तुमच्या बाजूने उभं राहतं. पण लपवून तीन वर्षं मोजत बसण्याची वेळ घरच्यांवर आणू नका.

*अपघात झालाच तर पहिलं काय करायचं?* आधी अर्थात उपचार. मग पोलिसांत नोंद, साधनांचे आणि जागेचे फोटो, पावती, बरोबरच्या लोकांचे नंबर. तुटलेला पट्टा, फाटलेलं जॅकेट गायब होऊ देऊ नका. विमा कंपनीला लगेच कळवा. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जायचं असतं आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. अपघात गोव्यात झाला म्हणून साताऱ्याच्या माणसाने पणजीला खेपा घालायला नकोत. आयोग कुठला हे ठरतं तुम्ही मोजलेल्या पैशांवर, मागितलेल्या भरपाईवर नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्कही नाही. म्हणजे दीड हजारांचं तिकीट काढलेल्या माणसालाही ते दार उघडं आहे.

शेवटी एवढंच. समुद्रावर जा, डोंगरावर जा, उडा. आम्हीही जातो. फक्त त्या टेबलाशी थांबून तीन गोष्टी विचारा: नोंदणी दाखवा, चालू तारखेची पॉलिसी दाखवा, तुमच्या मुलांचा विमा आहे का ते सांगा. मागची रांग कुरकुरेल, कुरकुरू द्या. रांगेतल्या दहांपैकी तिघांनी रोज हे विचारलं, तर पुढच्या हंगामात तो कागद टेबलावर आपोआप लावलेला दिसेल.